मामांचे चार दगड

नांदेडच्या आमच्या घरात दोन गोष्टी कधी थांबत नसत, आईचं शिवणयंत्र आणि माझं तोंड. आमचे अण्णा मुदखेडच्या एका शाळेत शिकवायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे, आणि चपला काढता काढता त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "मंजूला जरा गप बसव गं." आई मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणायची, "तुम्हीच बसवा, तुमच्यावर गेलीय." मला गप बसवलं ते शेवटी मामांनी. एका दिवाळीला ते लातूरहून आले ते लाकडी पट घेऊन. त्यावर एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा, आणि दोन डबे, एकात काळे दगड, एकात पांढरे. खेळाचं नाव गो. अण्णांनी दोन मिनिटं पाहिलं आणि उठले, म्हणाले, "ह्यात राजा कुठंय? वजीर कुठंय? नुसते ठिपके ठेवत बसायचं?" मला मात्र ते ठिपके असे काही लागले की धपाटे ताटात गार झाले तरी मी पटावरनं हलेना.

खेळ कळायला सोपा आहे. एक दगड याचा, एक त्याचा, रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं ठेवत जायचे आणि कुंपण घालत जागा आपली करायची. चारी बाजूंनी कोंडलेला दगड उचलला जातो. शेवटी कुंपणातली मोकळी घरं ज्याची जास्त, तो जिंकला. आणि एक जण लई भारी, दुसरा कच्चा असेल तर कच्च्याला सुरुवातीलाच काही काळे दगड पटावर मांडून देतात, त्याला हँडिकॅप म्हणतात. मामांनी मला पहिल्या दिवशी नऊ दिले. नऊ दगडांची आघाडी घेऊनही मी साफ धुतली गेले, आणि दिवाळीचे चारही दिवस धुतली जात राहिले. आई म्हणाली, "अरे, लेकराला एकदा तरी जिंकू दे." मामा म्हणाले, "जिंकू दिलं तर शिकंल का ती?" हे वाक्य त्यांचं होतं, हे लक्षात ठेवा.

दहावी झाल्यावर, आमच्या भागात हुशार समजल्या जाणाऱ्या सगळ्या पोरांचं होतं तेच माझं झालं. लातूरला क्लास लावला. हॉस्टेल नको, मामांकडं राहील, असं ठरलं. मामांचा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेलेला, त्याची खोली मला मिळाली. मामी निलंग्याची, हाताला चव अशी की सकाळची मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली की क्लासमधलं पहिलं लेक्चर झोपेत जायचं, आणि तिच्या येसराच्या आमटीसाठी मी दोन वेळा घरी जायची सुट्टी पुढं ढकलली. तोंड मात्र तिचं माझ्याहून तिखट. घराला एकच धाक होता, पाण्याचा. नळ आठवड्यातून एकदा यायचा, कधी आठाचे दहा दिवस व्हायचे, आणि वेळेचा भरवसा नाही. त्यामुळं अंगणात पिंपं, मोरीत बादल्या, गच्चीवर टाकी, आणि गल्लीत कुणी "नळ आला!" म्हणून ओरडलं की माणूस असेल तिथून पळत सुटायचा. अजूनही मी कुठं नळ वाहता पाहिला की आधी बंद करायला धावते.

मामा एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्या मोजून कपाटात ठेवणं. प्राध्यापकांना सगळे सर म्हणायचे, मामांना नावानं हाक मारायचे. फक्त रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गो खेळणारे चार-पाच जण जमायचे, तिथं मामा 'सर' होते. त्यांची रँक तीन क्यू होती. क्यूचा आकडा जितका लहान, तितका खेळाडू पक्का. आख्ख्या लातुरात तीन क्यू म्हणजे मामा, बस. आणि ही रँक त्यांनी मोबाईलवरच्या खात्यात चार वर्षं जपून ठेवली होती. जपून म्हणजे कशी, तर त्या खात्यावर खेळायचंच नाही. खेळलं तर हरायची भीती, हरलं की रँक खाली. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही त्याच्यावर खेळत का न्हाई?" तर म्हणाले, "मला काय सिद्ध करायचंय आता?" मला ते केवढं मोठेपणाचं वाटलं होतं! आता मी स्वतः पोरांना हा खेळ शिकवते, आणि हे वाक्य कुणी म्हणालं की मला कळतं, हा घाबरलाय.

रोज रात्रीच्या जेवणाआधी आमचा एक डाव व्हायचा. नवाचे सात झाले, सातांचे पाच, पाचांचे चार, आणि चारावर माझी गाडी जी अडली ती अडलीच. सात-आठ महिने मी चार दगड घेऊन हरत राहिले. मला वाटायचं माझ्या डोक्याची धाव इथवरच. आज कळतं, डोक्याचा प्रश्नच नव्हता. ते चार दगड पटावर मांडले की मला ते माझे वाटतच नसत. मामांनी दिलेत, सांभाळले पाहिजेत, एवढंच डोक्यात. मामा भलत्याच ठिकाणी, माझ्या भरभक्कम कुंपणाच्या आत पांढरा दगड टाकायचे आणि हळूच म्हणायचे, "बघ हं." बास! त्यांनी ठेवलाय म्हणजे काहीतरी दिसलं असणार त्यांना, मला दिसत नसेल. मी दार लावायला धावायचे, ते दुसरीकडून घुसायचे. दगड देणारा माणूस थोडी लबाडी खेळतोच, त्याशिवाय ती तूट भरून कशी निघणार? पण मामा लबाडी करतील हे मला सुचणंच शक्य नव्हतं. ज्यांच्या ताटात जेवायचं, त्यांच्या चालीला खोटं कसं म्हणायचं?

मोबाईलवर मात्र मी वेगळीच होते. संध्याकाळी एक तास खेळायची परवानगी होती. मामा त्या वेळी गच्चीवर फेऱ्या मारायला जायचे, मामी भाकऱ्यांना बसायची, आणि मी खोलीचं दार लोटून, आवाज बंद करून अनोळखी लोकांशी भांडून घ्यायचे. तिथं कुणाला दगड नाहीत, सगळं बरोबरीत. बघता बघता मी चार क्यूला पोचले. आणि पोचले त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. 'खेळा' असं लिहिलेल्या बटणावर बोट न्यायचं आणि मागं घ्यायचं. आज डोकं दुखतंय, आज समोरचा जास्तच भारी दिसतोय, आज नेट बरोबर नाही. मामांसारखंच मीही आकडा जपायला लागले होते, आणि मला ते कळतही नव्हतं. एकच खेळाडू होता ज्याची मला भीती वाटत नसे. त्याचं नाव पिंपळ ४१. महिन्याभरापूर्वी तो उगवला होता, मला स्वतःहून आव्हान द्यायचा, आणि बहुतेक वेळा हरायचा. फार सावध, फार मोजूनमापून खेळायचा. दाबलं की दबायचा. चौदा डावांत मी अकरा जिंकले होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा चेन्नईकडचा कुणी पोट सुटलेला इंजिनिअर असणार.

तेवढ्यात तो फॉर्म आला. पुण्याला राज्याच्या मुलींच्या संघासाठी शिबिर होतं. दोन अटी होत्या, मोबाईलवरची रँक किमान चार क्यू, आणि कुणा जाणत्या खेळाडूची दोन ओळींची शिफारस, त्याच्या हातची, सहीसकट. मी फॉर्म छापून आणला, मामांपुढं ठेवला. मामांनी चष्मा लावून वाचला आणि घडी करून परत दिला. "पोरी, चार दगड घेऊन तू माझ्याकडनं हरतीस. तिकडं बिनदगडाचं खेळावं लागतंय. हसं करून घ्यायचंय का?" मी म्हटलं, "पण मोबाईलवर मी चार क्यू हाय की." तर म्हणाले, "मोबाईलवरचं रेटिंग म्हणजे फुगा असतोय. कोण कुठं बसून काय खेळून राहिलंय, कोणाला माहीत? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी माझी बारावी, म्हणजे पुढचं वर्ष नव्हतंच. तरी मी मान हलवली. कारण मनातल्या मनात मलाही तेच वाटत होतं. माझे निम्मे गुण त्या एका घाबरट पिंपळाला हरवून आलेले. फुगाच की तो.

फॉर्मचा शेवटचा दिवस रविवार, संध्याकाळी आठपर्यंत फोटो पाठवायचा होता. फॉर्म माझ्या फिजिक्सच्या वहीत तसाच कोरा. पाचच्या सुमाराला मामा गच्चीवर गेले, मी दार लोटलं, आणि पिंपळचं आव्हान आलं. म्हटलं चला, पुण्याचं तर गेलं, निदान ह्याला तरी धुऊ. त्या दिवशी पिंपळ वेगळाच खेळत होता. दबेना. माझ्यावर चालून यायला लागला. आम्हा दोघांचीही वेळ संपत आली, आता प्रत्येक चालीला तीस-तीस सेकंद. माझी चाल झाली, त्याची पाळी होती, आणि गल्लीत आरोळी उठली, "नळ आला!"

मामीनं जिन्याकडं तोंड करून हाळी दिली, "अहो, नळ आलाय! खाली या! मंजे, तू पण ये, पाइप धर!" मामा धाडधाड जिना उतरून आले, मोटर लावली, पाइपाचं टोक माझ्या हातात दिलं. मी एका हातात मोबाईल, एका हातात पाइप अशी पिंपापाशी उभी. मोबाईलवर पिंपळची वेळ सरत होती. दहा सेकंद राहिले आणि आकडे लाल झाले. आणि त्याच क्षणाला मामांच्या शर्टाच्या खिशातून एक बाई इंग्रजीत मोजायला लागली. टेन. नाइन. माझ्या पडद्यावर नऊ. एट. पडद्यावर आठ. मामांचे दोन्ही हात मोटरीच्या पाइपावर, ओले. त्यांनी कोपरानं खिसा दाबला. सेव्हन, खिशातून आलंच. मी मामांकडं बघत राहिले, मामा मोटरीकडं. शून्य झालं आणि माझ्या पडद्यावर आलं, तुम्ही जिंकलात.

माझ्या हातातला पाइप कधी सुटला मला कळलंच नाही. पाणी अंगणभर. लातुरात अंगणात पाणी सांडणं म्हणजे काय, ते लातूरकरालाच विचारा. मामी किंचाळली, "अय्यो, आठ दिवसांनी आलंय ते पाणी! भान हाय का न्हाई?" मी पाइप उचलला नाही. मी म्हटलं, "मामा, पिंपळ तुम्ही हाव?"

मामांनी मोटर बंद केली नाही. पाइप स्वतः उचलून पिंपात सोडला, हात शर्टाला पुसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हाव. उगं आपलं. तुला जरा हुरूप यावा म्हणून. मुद्दाम हरत होतो."

आयुष्यात नंतर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं. इतकं लागलं नाही कुणाचं. माझे अकरा विजय, माझी चार क्यू, रात्री उशाशी ठेवून झोपायचे तो आकडा, सगळं मामांनी वाटीत घालून दिलेलं? नांदेडला 'जिंकू दिलं तर शिकंल का' म्हणणारा माणूस हाच का? मला हुंदकाच फुटला. मी म्हटलं, "मग सांगायचं तरी! मी किती येडी! मी खरं समजून राहिले होते!"

मामीला आमच्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. ती पिंपावर झाकण ठेवता ठेवता थांबली. "थांब गं, रडू नको. काय म्हणाले हे? मुद्दाम हरत होते?" मी मान हलवली. मामी मामांकडं वळली. "अहो, मागल्या आठवड्यात गच्चीवरून खाली आलात ते ताट ढकलून दिलं. अंबाडीची भाजी केली होती, तुमच्या आवडीची. विचारलं तर म्हणे भूक न्हाई. त्याच्या आधी दोन दिवस कोणाशी बोलला न्हाई. रात्री उठून मोबाईलमधे डोकं घालून बसला, म्हणला कुठं चुकलो ते बघतोय. मुद्दाम हरणारा माणूस जेवण सोडतो व्हय?"

मामा पायरीवर बसले. पायाच्या अंगठ्यानं ओलं अंगण खरवडत राहिले. "पहिल्यांदा वेगळं खातं काढून गंमत म्हणूनच बसलो," ते म्हणाले. "म्हटलं, बघू पोरगी बाहेर कशी खेळते. पहिला हरलो, वाटलं लक्ष नव्हतं. दुसरा हरलो. मग डोकंच फिरलं. हरलेलं वसूल करायला बसायचो आन् अजून हरायचो. आज म्हटलं, काही झालं तरी आज हिला पाडायचंच."

"आन् घरात चार दगड?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना? फॉर्म आणला तेव्हा माहीत होतं ना?"

"माहीत होतं," मामा म्हणाले. "तिथं तू मला रोज हरवून राहिलीस. हितं चार दगड मांडले की मी मामा होतो." मामी म्हणाली, "जिंकली तर जिंकली म्हणायचं की हो. तोंड झिजतंय का तुमचं?"

मला कीव आली असती तर मी स्वतःला चांगली मुलगी म्हणवून घेतलं असतं. मला संताप आला होता. मी आत गेले, पट आणला, पडवीत मांडला, फॉर्म त्याच्याशेजारी ठेवला आणि म्हटलं, "बसा समोर. बिनदगडाचं. आत्ता." मामा म्हणाले, "मंजू, पाणी भरायचंय." मामी म्हणाली, "मी भरते. बसा तुम्ही." मी म्हटलं, "जिंकले तर शिफारस लिहायची. हरले तर नका लिहू, मी तोंड उघडणार न्हाई." हे असं आहे माझं. हातात आल्यासारखी शिफारस पणाला लावायची काही गरज नव्हती, तरी मी लावून मोकळी झाले. साडेपाच वाजले होते.

बरोबरीच्या डावात काळे कुणाचे हे ठरवायला एक जण मुठीत दगड घेतो, दुसऱ्यानं सम की विषम ते ओळखायचं. इतक्या वर्षांत आम्ही हे कधी केलंच नव्हतं. मामांनी मूठ पुढं केली. मी विषम म्हटलं, विषम निघाले, काळे माझे. सुरुवातीला मी बरी खेळले. खाली मान घालून, हा पिंपळ आहे, हा चेन्नईचा इंजिनिअर आहे, असं घोकत. तासाभरानं मी पुढं होते, मामांनाही ते दिसत होतं, त्यांच्या कपाळावर घाम होता. मग मी एकदा मान वर केली. समोर मामांचा चेहरा, चष्म्याला बांधलेला दोरा, कानामागं ॲसिडनं पडलेला तो जुना डाग. त्यांनी माझ्या कोपऱ्यात एक पांढरा दगड ठेवला. 'बघ हं' म्हणाले नाहीत. मलाच ऐकू आलं. त्या दगडात काही दम नव्हता, आज मी तो डाव डोळे मिटून मांडून दाखवीन, काहीच दम नव्हता. पण मी दार लावायला धावले. एक चाल गेली, मग दुसरी, मग कोपराच गेला. मामी बादल्या ठेवून दाराशी येऊन उभी राहिली होती. आम्ही घरं मोजली. बरोबरी होऊ नये म्हणून ह्या खेळात अर्ध्या घराचाही हिशेब असतो. साडेतीन घरांनी मी हरले.

साडेसात वाजून गेले होते. मी बोलल्याप्रमाणं तोंड उघडलं नाही. काळे दगड डब्यात भरायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी पटावर पडत होतं आणि मला त्याचाही राग येत होता. मामी म्हणाली, "काय झालं? कोण जिंकलं?"

मामांनी फॉर्म उचलला. खिशातलं पेन काढलं, टोपण काढायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला. मग पटावरच फॉर्म ठेवून, दगड बाजूला सारत, ते लिहायला लागले. प्रयोगशाळेच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचे तसं टपोरं, सावकाश अक्षर. मला उलटं वाचता येत होतं. "ही माझी भाची आहे. मी हिच्याशी बरोबरीनं पंधरा डाव मोबाईलवर खेळलो, बारा हरलो. आज समोर बसून एक जिंकलो. तो मी जिंकलेला नाही, तिनं मला दिलेला आहे. हिला कुणी दगड देऊ नयेत."

मी म्हटलं, "मामा, मी हरले की." मामा म्हणाले, "गप बस."

खाली सहीच्या शेजारी एक चौकोन होता, शिफारस करणाऱ्याची रँक. मामांनी सवयीनं तीन लिहिला. पेन तसंच धरून त्या आकड्याकडं बघत बसले. आठला दहा मिनिटं होती आणि मला घाई करायचं धाडस होत नव्हतं. मग त्यांनी तीनवर आडवी रेघ मारली, शेजारी पाच लिहिला, आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. खाडाखोड केलेला अर्ज बाद होईल, असं फॉर्मच्या माथ्यावर ठळक छापलेलं होतं. मी तसाच फोटो काढला आणि पाठवून दिला.